आधार सगळ्यांनी काढलं, पण विश्वास ठेवून काढलं का?

प्रश्न असा आलाय की ब्रिटनमध्ये सरकारने डिजिटल ओळखपत्र बंधनकारक करायचं म्हटल्याबरोबर लाखो लोकांनी विरोधात सह्या केल्या, आणि आपल्याकडे शंभर कोटींच्या वर लोकांनी आधार काढून टाकलं, फारसा आवाज झाला नाही, मग आपल्या लोकांचा सरकारवर जास्त विश्वास आहे असं म्हणायचं का, आणि ज्याने काही वाईट केलं नाही त्याने घाबरायचं कशाला.

मी कॅम्पच्या काळात आधार नोंदणीची सुपरवायझर होते, आता तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवते, म्हणजे दिवसभर माझ्यासमोर आधारचीच कामं घेऊन माणसं बसलेली असतात. त्यावरून सांगते, विश्वास होता म्हणून काढलं असं नाहीये. पुढचं काम अडलं म्हणून काढलं. आणि आज जी चीड दिसते ती कॉम्प्युटर कळत नाही म्हणून आलेली नाही, उलट आधार रोज वापरून आलेली आहे.

सुरुवात आठवून बघा. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला दिलं गेलं, मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी दोघं आले होते. तेव्हा सांगणं असं होतं की ज्याच्याकडे धड कुठला कागद नाही त्याला ओळख मिळेल, आणि काढायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कॅम्पमध्ये आम्हीही हेच सांगायचो. आणि खरंच, ऊसतोडीला जाणारी माणसं स्वतःचा फोटो असलेला सरकारी कागद हातात घेऊन निरखून बघायची तेव्हा आम्हालाही बरं वाटायचं. बँकेत खातं उघडायला पूर्वी ओळख देणारा खातेदार शोधत फिरावं लागायचं, तो त्रास गेला. आधारने काहीच दिलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

पण त्या वेळी यासाठी कायदाच नव्हता हे लक्षात घ्या. आधारचं काम बघणारं प्राधिकरण (यूआयडीएआय) २००९ साली सरकारी आदेशाने उभं राहिलं, २०१० चं विधेयक यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने डिसेंबर २०११ मध्ये नाकारलं, तरी नोंदणी चालूच राहिली, आणि कायदा आला थेट २०१६ ला, तोही मनी बिल म्हणून, म्हणजे राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या मान्य करायची सक्तीच उरली नाही. कोट्यवधी लोकांच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन आधी घेऊन झाले, ते कुणी कशासाठी वापरायचे हे सांगणारा कायदा साडेपाच वर्षांनी. मधल्या काळात, २३ सप्टेंबर २०१३ ला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की आधार नाही म्हणून कुणाचं नुकसान होता कामा नये. तो आदेश गॅसच्या एजन्सीत किंवा शाळेच्या ऑफिसात कुणाला माहीत होता?

मग २०१७-१८ चं वर्ष आलं, ते ज्यांनी बघितलंय ते विसरणार नाहीत. बँकेचा मेसेज, सिमकार्डवाल्यांचा मेसेज, अमुक तारखेच्या आत लिंक करा नाहीतर नंबर बंद. आमच्याकडे म्हातारी माणसं फोन हातात घेऊन रडवेली होऊन यायची की पोराचा फोन येतो त्यावर, तो बंद होईल का म्हणून. २६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला, त्यात बँक खातं आणि सिमची सक्ती रद्द झाली, खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी तरतूदही रद्द झाली, पण सरकारी अनुदान आणि पॅनकार्डसाठी आधार कायम राहिलं. तोपर्यंत बहुतेकांचं लिंक करून झालेलं होतं. ज्यांनी घाईघाईत केलं त्यांना नंतर कुणी येऊन विचारलं नाही की तुमचं लिंक काढून टाकायचंय का.

त्या निकालात असंही आहे की शाळेच्या प्रवेशासाठी आधार मागता येणार नाही. आता प्रत्यक्षात काय होतं बघा. आपल्या राज्यात संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार ते, आधार व्हॅलिड झालेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरायला लागलं. मुलाचं आधार नसेल किंवा नावातल्या एका वेलांटीमुळे इनव्हॅलिड दाखवत असेल तर ते मूल वर्गात रोज बसलेलं असूनही पटावर धरलं जात नाही, मास्तरांचं पद जातं. मग मास्तर काय करणार, ते पालकांच्या मागे लागणार. कायद्यात सक्ती नाही, शाळेतही कुणी सक्ती म्हणत नाही, पण पालकाला नाही म्हणायची सोय कुठे राहिली? शेतकऱ्यांचंही तसंच, १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो आधारशिवाय निघत नाही. एकेक निर्णय सुटा बघितला तर समजण्यासारखा वाटतो, पण माणूस सुटा निर्णय बघत नसतो, त्याला दिसतं ते हे की ज्या गोष्टीला मर्जीचं म्हणाले होते तिच्याशिवाय आता खत नाही, शाळा नाही, पेन्शन नाही.

आता अंगठ्याबद्दल. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं बोट ठेवलं की झालं.

नोंदणीला आधी एका हाताची ४ बोटं, मग दुसऱ्या हाताची ४, मग दोन्ही अंगठे घेतात. बोटांवरच्या रेषा नीट उमटल्या तर स्क्रीनवर हिरवं येतं. विड्या वळणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, सिमेंट कालवणाऱ्या, जन्मभर भांडी घासलेल्या हातांच्या रेषाच गेलेल्या असतात, कितीही दाबून ठेवा हिरवं येत नाही. चार वेळा प्रयत्न झाला की सॉफ्टवेअर फोर्स कॅप्चर करू देतं, म्हणजे जे आलंय ते घ्या आणि पुढे चला. कार्ड निघतं, घरी येतं, सगळं व्यवस्थित. दोष तेव्हा दिसतो जेव्हा काही वर्षांनी रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर तोच अंगठा ठेवायची वेळ येते. मशीन म्हणतं जुळत नाही. मग ओल्या फडक्याने पुसा, दुसरं बोट लावा, केसांवरून बोट फिरवून जरा तेल लावून बघा, असं मागे रांग ताटकळत असताना चालू असतं, आणि शेवटी दुकानदार म्हणतो, आजी, तुमचा थंब येत नाहीये, तालुक्याला जाऊन अपडेट करून आणा.

अपडेटला १०० रुपये लागायचे, ऑक्टोबर २०२५ पासून १२५ झालेत, शिवाय जायचं-यायचं भाडं आणि दिवसाचा रोज बुडतो. आणि गेलं तरी बोटं तीच ना, वयाने अजून झिजलेली. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेचा, आधारवरचा अहवाल २०२२ मध्ये संसदेत मांडला गेला त्यात हेच आहे की २०१८-१९ मधल्या बायोमेट्रिक अपडेटपैकी ७३ टक्क्यांहून जास्त लोकांनी पैसे भरून केलेले होते, कारण त्यांचे ठसे सदोष ठरले होते. म्हणजे नोंदणी नीट झाली नाही त्याचा भुर्दंड ज्याची नोंदणी झाली त्याने भरायचा. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर प्राधिकरणाच्याच मुख्य अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की सरकारी सेवांमध्ये पडताळणी ८८ टक्के यशस्वी होते. उरलेल्या १२ टक्क्यांत सगळ्यांचं धान्य अडलं असं नाही, काहींचं दुसऱ्या बोटाने होतं, काहींचं ओटीपीने, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण ज्याचं अडतं तो नेमका तोच असतो ज्याच्याकडे ओटीपी यायला मोबाईल नाही, ज्याच्या घरात दुसरा अंगठा लावायला कुणी नाही.

२०१७ च्या सप्टेंबरात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी गेली. आधार जोडलेलं नव्हतं म्हणून घरचं रेशनकार्ड रद्द झालं होतं, मुलगी भात मागत होती असं आई सांगत होती, सरकारने मलेरियाने गेली म्हटलं. कारण काहीही लिहिलेलं असू दे, कार्ड गेलेलं होतं, घरात धान्य नव्हतं. पुढच्याच महिन्यात, २४ ऑक्टोबर २०१७ ला, केंद्राचं परिपत्रक निघालं की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कुणाला रेशन नाकारायचं नाही. हे परिपत्रक मी प्रिंट काढून काउंटरमागे लावलेलं आहे, लोकांना वाचून दाखवते, बऱ्याच जणांना असं काही आहे हेच पहिल्यांदा कळतं.

ताजं उदाहरण लाडकी बहीणचं घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी, करायला सांगितली, त्यात बाईच्या आधारचा ओटीपी टाकल्यावर पुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी मागत होते. ज्या स्क्रीनवर तो रकाना आला त्या स्क्रीनपुढे बायका नुसत्या बसून राहायच्या. एक ताई म्हणाल्या, मालक वारले, वडीलही नाहीत, आता कुणाचा नंबर टाकू. एकीला नवऱ्याने सोडलेलं, आता दीड हजारासाठी त्याला फोन करून ओटीपी माग म्हणायचं का तिला? नंतर सरकारने मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला नाहीतर घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकांकडे द्यावेत असा मार्ग काढला, ते चांगलंच केलं. पण मधले आठवडे त्या बायकांनी जे भोगलं त्यातून त्या काय शिकल्या? की कॉम्प्युटरला फक्त नवरा असलेली किंवा बाप असलेली बाई कळते, आणि समोर बसलेली मी सगळं समजत असूनही काही करू शकत नाही.

अविश्वास तयार होतो तो इथे, या ठिकाणी. मशीन नाही म्हणतं, आणि मशीनजवळ बसलेला माणूस म्हणतो माझ्या हातात काही नाही, वरून आहे. पूर्वी तलाठी चुकला तर तहसीलदाराकडे जाता यायचं, भांडता यायचं, चार माणसं साक्षीला उभी राहायची की हा रामाचाच मुलगा आहे. आता अख्खा गाव साक्षीला उभा राहिला तरी मशीनपुढे त्याची किंमत नाही.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात यायला, सीडिंग असणं, म्हणजे कुठल्या बँकेत पैसा पाठवायचा ती नोंद असणं, वेगळं. आधार दहा खात्यांना लावलेलं असू शकतं, पण सरकारी पैसा शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं तिथेच जातो. २०१७ ला काय झालं, मोबाईल सिमची पडताळणी करायला गेलेल्या लाखो एअरटेल ग्राहकांची त्याच अंगठ्यावर पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली, त्यांना न विचारता, आणि गॅसची सबसिडी तिकडे वळली. डिसेंबर २०१७ मध्ये प्राधिकरणाने त्यांची ई-केवायसी थांबवली, पैसे परत द्यायला लावले. म्हणजे कारवाई झाली, नाही असं नाही. पण लोकांच्या डोक्यात बसलं की अंगठा एका कामासाठी दिला तर दुसऱ्या कामाला वापरला जाऊ शकतो, आणि ते काही खोटं नव्हतं.

डेटा फुटण्याबद्दल नेहमी वाद होतो. सरकार म्हणतं मुख्य डेटाबेस कधी फुटला नाही, आणि तो फुटल्याचं मीही म्हणत नाही. गळती होते ती आजूबाजूने. मार्च २०१७ ला महेंद्रसिंग धोनीच्या आधार अर्जाची माहिती नोंदणी करणाऱ्या संस्थेनेच कौतुकाने ट्विटरवर टाकली. त्याच वर्षी माहिती अधिकारात कळलं की केंद्र-राज्य मिळून सुमारे २१० सरकारी वेबसाइटवर लाभार्थ्यांचे आधार तपशील उघडे होते. जानेवारी २०१८ मध्ये ट्रिब्यून पेपरच्या बातमीदाराने ५०० रुपयांत कुणाचाही आधार तपशील बघता येणारं लॉगिन मिळवून दाखवलं, तर तक्रारीत त्या बातमीदाराचंच नाव घालून गुन्हा दाखल झाला. मला विचाराल तर विश्वासाचं सगळ्यात जास्त नुकसान या एका गोष्टीने केलं. भोक दाखवणाऱ्यावर केस, मग उद्या कुणी दाखवायला पुढे येईल का? आणि मूळ कायद्यात तर तुमच्या माहितीचा गैरवापर झाला तरी कोर्टात तक्रार फक्त प्राधिकरणच करू शकत होतं, ज्याचं नुकसान झालं तो नाही. ती चूक २०१९ च्या दुरुस्तीने सुधारली.

अंगठ्याचा अजून एक मुद्दा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. तेलंगणात आणि कर्नाटकात जमीन खरेदीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे रजिस्ट्रेशनच्या वेबसाइटवरून उतरवून त्यांचे नकली ठसे बनवल्याची प्रकरणं पोलिसांनी पकडली, कुठे सिमकार्ड चालू केली, कुठे आधारवर पैसे काढले. ज्यांचे पैसे गेले त्यांनी ना ओटीपी दिला होता, ना कुठल्या लिंकवर क्लिक केलं होतं, त्यांनी फक्त रीतसर जमीन घेतली होती. म्हणून जो म्हणतो की मी काही चुकीचं केलं नाही मला कसली भीती, त्याला माझं म्हणणं आहे की चोरीचा आणि तुमच्या सचोटीचा इथे संबंधच नाही. अंगठा न जुळणाऱ्या आजीने काय चुकीचं केलंय? ज्याचा जन्मदाखला नव्हता म्हणून शाळेत १ जून लावली, आधारवर ऑपरेटरने १ जानेवारी लावली, आणि आता पेन्शनला दोन तारखा जुळत नाहीत, त्याने काय केलंय? भीती वाटते ती चुकीच्या नोंदीची, आणि ती दुरुस्त करायचा सगळा भार आपल्यावर असल्याची.

ब्रिटनचं थोडक्यात. त्यांच्याकडे २००६ चा ओळखपत्र कायदा होता, नव्या सरकारने तो २०१० ला रद्द केला आणि जमलेल्या नोंदी नष्ट केल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी पुन्हा डिजिटल ओळख आणायची घोषणा केली, ऑक्टोबरात ते मुंबईत आले तेव्हा आधार प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष नंदन निलेकणी यांना भेटले, आधारचं कौतुक केलं. तिकडे सह्या झाल्या कारण नाही म्हणायची संधी आधी मिळाली, ओळखपत्राशिवायही त्यांचं दूध-पाव चालू होतं. आपल्याकडे ज्याला नाही म्हणायचं होतं त्याचं धान्य मध्ये होतं. एवढाच फरक आहे, विश्वासाचा नाही. आपल्या कायद्यात मुलांना १८ पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत आधार रद्द करून घेता येतं, मोठ्या माणसाला तोही मार्ग नाही.

यावर उपाय काय असंही लोक विचारतात. मला स्वतःला वाटतं ॲप सुधारून हे सुटणार नाही. नोव्हेंबर २०२५ ला आलेलं नवीन आधार ॲप चांगलं आहे, हवी तेवढीच माहिती देता येते त्यात, मी लोकांना शिकवतेही. पण विश्वास यायचा तर ज्या क्षणी मशीन नाही म्हणतं त्या क्षणी समोरच्या माणसाला हो म्हणायचा अधिकार पाहिजे, कागद बघून, माणूस ओळखून, रजिस्टरला सही घेऊन. आणि नाकारलं तर का नाकारलं ते लेखी. या दोन गोष्टी केल्या तर अर्धी तक्रार राहणार नाही असं माझं ठाम मत आहे. दुसरं, नवीन कामाला आधार जोडायचं असेल तर आधी सांगा, विचारा, आणि ज्याला नको त्याला दुसरा कागद चालू द्या, नुसता शासन निर्णयात नाही, खिडकीवर.

तोपर्यंत स्वतःपुरतं करता येण्यासारखं बरंच आहे. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, ॲपमधून होतं, रेशनच्या किंवा पेन्शनच्या दिवशी तेवढं उघडायचं. लॉजवाल्याला, सिमवाल्याला पूर्ण नंबरची झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा कशासाठी दिली आणि तारीख. आधारच्या साइटवर मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते दिसतं, महिन्यातून एकदा बघत जा, ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर १९४७ या आधारच्या हेल्पलाइनला फोन करा. अंगठ्यावर पैसे काढायची सोय लागत नसेल तर बँकेला सांगून बंद करा. आणि पैसे गेलेच तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग बँक.

आणि घरातल्या कुणाला अंगठा येत नाही म्हणून रेशनवरून परत पाठवलं तर गप्प परत येऊ नका, दुकानदाराशी भांडूही नका, तोही अडकलेलाच असतो बऱ्याचदा. मशीनवर किती वेळा प्रयत्न झाला ते त्याच्याकडून लिहून घ्या, सही-तारखेसह, २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, पोच घ्या, आणि १९६७ या रेशनच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवून तिचा नंबर त्याच कागदावर लिहा. तिथेही काही झालं नाही तर अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी असतो, पोच जोडून त्याच्याकडे जा. पोच नसेल तर तिथे तुमचं काही चालत नाही, म्हणून ती आधी.